सोसायटीसाठी सीसीटीव्ही घेताय? मग एवढं कराच

पार्किंगमधून दुचाकी गेली की सोसायटीला कॅमेऱ्यांची आठवण होते. खरेदीला याहून चांगला मुहूर्त नाही. तातडीची सभा बोलवा, तीन कोटेशनं मागवा आणि सगळ्यात खालच्या आकड्यावर सही करा. वरची दोन त्याच माणसाने मेव्हण्याच्या लेटरहेडवर आणलेली असतात, ती वाचून डोळे शिणवू नका.

भिंग 2.8 मिलिमीटरचंच घ्या. गेट, तुळशीवृंदावन, समोरचा वडापाववाला, सगळं एका चौकटीत मावतं. चोर मुंगीएवढा दिसतो, पण दिसतो ना? 6 किंवा 12 मिलिमीटरवाले उगाच गेटातून येणाऱ्याचा चेहरा मोठा करून दाखवतात. उद्या तो चेअरमनच्या भाच्याचा निघाला तर कोण निस्तरणार? कॅमेरा बसवायचा तो दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. तिथून प्रत्येकाची टोपी स्वच्छ दिसते.

आता हार्ड डिस्क. इथे खरी बचत आहे. आठ कॅमेरे, प्रत्येकी 2 मेगापिक्सेल, रेकॉर्डिंग सेकंदाला 2 मेगाबिटने धरलं तर दिवसाला साधारण 170 जीबी होतात. म्हणजे 1 टीबीची, हजार जीबी मावणारी डिस्क सहाव्या दिवशी भरते आणि जुनं पुसून त्यावर नवं लिहू लागते. गणपतीला कोकणात गेलेलं कुटुंब दहा दिवसांनी परत येतं, कुलूप तुटलेलं बघतं आणि कमिटीकडे धावतं. तोवर डिस्कवर उरलेली असते फक्त विसर्जनाची मिरवणूक. कोणावर आळ नाही की भांडण नाही. कोणी 4 टीबीची, चोवीस तास चालणारी खास डिस्क सुचवली तर त्याला पुढच्या वर्षी कमिटीत घेऊ नका. डीव्हीआर, म्हणजे ही डिस्क असलेली रेकॉर्डिंगची पेटी, वॉचमनच्या केबिनमध्येच ठेवा, म्हणजे चोराला जाताना तोही सोयीने नेता येईल.

पासवर्ड ॲडमिन, 12345 असाच राहू द्या. 2016 साली मिराय नावाच्या व्हायरसने असे सताड उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा करून अमेरिकेतल्या बड्या वेबसाइट पाडल्या होत्या. आपल्या सोसायटीचं नाव सातासमुद्रापार न्यायचं तर एवढं करायलाच हवं. एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली आहे. त्यामुळे दुकानदार ‘जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला की लगेच हो म्हणा.

देखभालीचा करार मात्र अजिबात नको. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात जे अदृश्य (इन्फ्रारेड) दिवे असतात, त्यांच्यापाशी किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगावर ऐसपैस घर बांधतो. सोसायटीत मेंटेनन्स न थकवणारा तो एकटाच.

डीव्हीआरच्या घड्याळाचा सेलही बदलू नका. आमच्याकडे गाडी गेली तेव्हा हवालदार फुटेज बघायला आले. पडद्यावर तारीख होती 1 जानेवारी 2000. त्यांनी वहीत ती लिहून घेतली आणि विचारलं, “साहेब, तेव्हा ही बिल्डिंग तरी होती का?”