त्या पोराचा पुढे केलेला हात

आज केंद्र परिषदेवरून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या सभेवरून घरी आले, पर्स ठेवली आणि आधी लिहायलाच बसले. स्वयंपाक नंतर बघू.

आमच्या केंद्रातल्या एका सरांना आज सगळ्या शिक्षकांसमोर उभं केलं. कारण काय, तर एक ऑनलाइन माहिती भरायची राहिली. "उभे राहा, सांगा सगळ्यांना का नाही भरली." ४७ वर्षांचा माणूस. महिन्याभरापूर्वी आई गेली त्यांची. दोन शिक्षकी शाळा, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम त्यांच्याच गळ्यात, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून बावीस वर्षं शिकवलेल्या या माणसाला दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायचंय, म्हणून रात्री पुस्तक घेऊन बसतात. सर काहीच बोलले नाहीत. "बसा" म्हटल्यावरही उभेच होते, बाजूच्या मॅडमनी बाही धरून खाली बसवलं.

आणि मला एकदम तो पोरगा आठवला. २०१८ चा, तिसरीतला.

ऑगस्ट महिना, झेंडावंदन चार दिवसांवर. यवतमाळकडचं आमचं गाव, चहूकडे कापूस. शाळेच्या मैदानात गवत माजलेलं, म्हणून ग्रामपंचायतीनं सकाळी तणनाशक मारून दिलं. आम्हाला बरंच वाटलं, एक काम कमी झालं. अकराच्या सुमाराला हा पोरगा वर्गातून उठला, न विचारता, आणि कंपाउंडवरून उडी मारून पळाला. दोन पोरांनी नाल्याजवळून धरून आणला. मी पट्टी काढली. दोन मारल्या. त्यानं हात मागे घेतला नाही. मी पट्टी टेबलावर ठेवली, फळ्याकडे वळले, परत बघते तर हात तसाच पुढे. तळव्यावर निळी शाई होती, तिच्यावर लाल वळ.

डब्याच्या सुट्टीत खिचडी करणाऱ्या ताई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, त्याच्या बापानं फवारणीचं औषध घेतलं होतं न मागच्या साली. पोट्टंच होतं जवळ. त्याले तो वास आला का असंच होते."

वास. म्हणजे त्या पोराला माझा वर्ग, फळा, पाढे काहीच दिसत नव्हतं त्या वेळी, तो त्याच्या घरात उभा होता, त्या दिवशीच्या. आणि मी त्याला विचारत होते "पळालास का?" काय सांगणार होता तो? आठ वर्षांचं लेकरू!

२००९ च्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मला तेव्हाही पाठ होतं. मुलाला शारीरिक शिक्षा नाही, मानसिक त्रास नाही. पाठ असून मारलं. का मारलं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आज सांगते. त्या दिवशी सकाळी केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "माहिती अप्राप्त शाळा" म्हणून यादी पडली होती, त्यात लाल रंगात माझ्या शाळेचं नाव, आणि खाली दोन वाजेपर्यंत न आल्यास नोटीस. तो राग, ती भीती घेऊनच मी वर्गात गेले होते. मला वरून बसली ती मी खाली दिली. एवढंच झालं त्या दिवशी. म्हणून मुलांचं मन वेगळं आणि शिक्षकाचं मन वेगळं असं कोणी बोललं की माझं डोकं सटकतं.

आज सरांना बसवल्यावर परिषदेत पुढचा विषय कोणता होता? मुलांचं मानसिक आरोग्य. पीपीटी होती. मुलाला सुरक्षित वाटलं पाहिजे, अपमान करू नये, आवाज चढवू नये. एकेक शब्द खरा आहे त्यातला. पण समोर जो माणूस खाली मान घालून बसलाय त्याला पाच मिनिटांपूर्वी तुम्ही काय केलंत? उद्या सकाळी तो ३० लेकरांसमोर उभा राहणार आहे!

हां, सगळी मुलं दुःखातूनच पळतात असं नाही, काही नुसती वांड असतात, मान्य. आणि माहिती वेळेत भरली पाहिजे हेही मान्य. पण म्हणून माणसाला सभेत उभं करायचं?

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमा. फार चांगलं झालं. माझ्या शाळेचा पट ३४. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं म्हणे, पण आमच्याकडून तसल्या डॉक्टरकडे जायचं तर जिल्ह्याचं ठिकाण, आईची दिवसाची मजुरी बुडते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी ऑफिसबाहेर भिंतीवर रंगवून घेतलाय, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मोठ्यांनीही लावावा. पण अकरा वाजता कंपाउंडवरून पोरगा उडी मारतो तेव्हा तिथे मीच असते, नाहीतर खिचडीवाल्या ताई.

खरं तर त्याला सावरलं ताईंनीच. आमच्याकडे जुलैपासून शेतात फवारणी सुरू होते, खिडकी लावून वास थोडाच थांबतो? मी त्याला दाराजवळ बसवलं आणि सांगितलं, वास आला की विचारायचं नाही, उठून ताईंकडे जायचं. तिथे जिऱ्या-मोहरीच्या फोडणीचा वास. तो ताट घेऊन तांदूळ निवडत बसायचा, ताई त्याच्याशी काही बोलायच्या नाहीत, बाराचा पाढा तिथेच पाठ झाला त्याचा. मैदानात परत औषध मारू दिलं नाही, शनिवारी आम्ही सगळे हातानं गवत उपटतो. पट्टी मी त्याच दिवशी चुलीत घातली. माफी मागायला मात्र मला दोन आठवडे लागले. मागितली तेव्हा तो म्हणाला, "काही नाही होत मॅडम, वास येऊन रायला होता फक्त."

तो आता दहावीला आहे. एसटी स्टँडवर दिसला की धावत येतो.

सरांना मघाशी फोन केला, उचलला नाही. परत केला. उचलला. म्हणाले, "मॅडम, मी बरा आहे," आणि मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, पण फोन त्यांनीही ठेवला नाही. त्यांची ती माहिती उद्या मी बसून भरून देते म्हटलंय. डबाही दोघांचा नेते.