रिस्टोअरचं नंतर बघू

बॅकअप सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला गप्प करायचं असेल तर एकच प्रश्न विचारावा. "रिस्टोअर करून दाखवता का?" म्हणजे बॅकअपमधला डेटा परत जागेवर आणून. चहाचा कप ओठापाशी थांबतो. मग उत्तर येतं, "सर, आमच्याकडे ती वेळच येत नाही." वेळच येणार नसेल तर दरवर्षी तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे, हे मी विचारत नाही. चहा आमचाच असतो, आणि सांगलीत पाहुण्याला चहा पिताना अडचणीत आणत नाहीत.

बॅकअप सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते सीएंमुळे. आमची पंपांचे सुटे भाग विकणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. कंपनीच्या हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवला पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. त्याआधी 'ठरावीक काळाने' एवढंच म्हटलं होतं, आणि आमच्याकडे ठरावीक काळ म्हणजे दसरा. सर्व्हरला हळद-कुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची आणि त्याच मुहूर्तावर टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर उतरायचा. तो पेन ड्राइव्ह अकाउंटंटकाकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असे आणि जुडगा त्यांच्या स्कूटरला. सीएंनी नियम वाचून दाखवल्यावर मालकांनी सगळ्यांवर नजर फिरवली. प्रिंटरात अडकलेला कागद न फाडता काढता येणारा ऑफिसात मी एकटाच. झाली नेमणूक.

जगात ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळतात, एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी. ज्याने ही तारीख काढली त्याने भारतातलं एकही अकाउंट्स डिपार्टमेंट पाहिलेलं नसणार. त्या दिवशी काकांना "सर्व्हर जरा दहा मिनिटं बंद करू का?" असं विचारून बघा.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "बॅकअप कशाला? रेड टाकलंय की." आमच्याकडचं रेड म्हणजे एका डिस्कवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवरही. डिस्क बिघडली तर उत्तम सोय. पण फाइल चुकून पुसलीत तर रेड ती दोन्ही डिस्कवरून अत्यंत इमानदारीने पुसतं. मालकांच्या पुतण्याने गूगल ड्राइव्हला सिंक करायचं सुचवलं. तिथेही तीच इमानदारी. एक्स्टर्नल हार्डडिस्क कायमची जोडून ठेवा, असं तिसऱ्याने सांगितलं. रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, आला की तो जोडलेली डिस्कही सोडत नाही, हे सांगितल्यावर तो माझ्याकडे मीच व्हायरस असल्यासारखा बघू लागला.

मग कोटेशनं आली. एकाचा दर प्रोसेसरवर, एकाचा मशिनवर, एकाचा टीबीवर, म्हणजे डेटाच्या आकारावर. तिन्ही शेजारी ठेवून तुलना होऊच नये, एवढी काळजी सगळ्यांनी मिळून घेतली होती. फुकटातलेही पर्याय आहेत. वीमची मोफत आवृत्ती १० मशिनपर्यंत चालते; रेस्टिक आणि बोर्ग तर पूर्णच मोफत, फक्त काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात. मालकांचं धोरण सोपं होतं. फुकट म्हटलं की "त्यात काहीतरी गोम असणार," आणि किंमत सांगितली की "एवढं काय आहे त्यात?"

खरी ठिणगी पडली ती 'इम्युटेबल' बॅकअपवर. मी समजावलं, हा बॅकअप ठरवलेल्या मुदतीत कुणालाही पुसता येत नाही.

"मला?"

"तुम्हालाही नाही."

"डेटा माझा, पैसे माझे, आणि पुसायला मला बंदी?" मालकांनी पंख्याचा वेग वाढवला.

पुढचा पेच जागेचा. बॅकअपवाल्यांचा नियम असा की प्रती तीन, माध्यमं दोन आणि एक प्रत दुसऱ्या जागी. मालक म्हणाले, "दुसरी जागा म्हणजे आमचं घर." घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेनं दोन्हीकडे एकाच दिवशी हजेरी लावली होती, २०२१ लाही तिनं भेदभाव केला नाही. मी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं उदाहरण दिलं. मार्च २०२१ मध्ये तिथलं एक मोठं डेटा सेंटर जळालं आणि काही गिऱ्हाइकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. "तिकडे आग, आपल्याकडे पाणी," मालक म्हणाले, "आपलं वेगळं."

मग क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर प्रत ठेवण्याचं, गणित मांडलं. सीसीटीव्ही धरून डेटा १ टीबी, अपलोड १० एमबीपीएस. पहिलाच बॅकअप चढायला नऊ दिवसांहून जास्त, तेही लाइट न जाता. सीसीटीव्ही वगळा, असं एकमतानं ठरलं. या खरेदीतला हा एकमेव एकमताचा ठराव.

मालकांना घाबरवायला म्हणून मी दक्षिण कोरियाची बातमी वाचून दाखवली. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टीबी साठा गेला. आकारच एवढा, की बाहेर प्रत ठेवलीच नव्हती. मालकांचा चेहरा उजळला. "बघ, सरकार घेत नाही. आपण कोण?"

मला स्वतःला जास्त छळलं ते प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीनं. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला. बॅकअपच्या आणि प्रतींच्या पाच तऱ्हा होत्या, ऐनवेळी एकही धड चालेना. रोजचा बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यानं होतच नव्हता, आणि 'होत नाहीये' असं सांगणाऱ्या मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. त्याच इंजिनिअरने योगायोगानं सहा तास आधी हातानं घेतलेली प्रत कामी आली. दुरुस्ती त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवली, ही त्यांची दिलदारी. तेव्हापासून मी ब्रोशर उघडतच नाही. आधी रिस्टोअर दाखवा म्हणतो.

एकानं दाखवायची तयारी केली. महिनाभर चाचणी बॅकअप चालवला आणि एका शनिवारी गोदामातल्या जुन्या मशिनवर सगळं परत आणायचं ठरलं. काका आले, मालक आले, आणि कंपनीच्या दुसऱ्या डायरेक्टर म्हणून मालकांच्या पत्नी, आमच्या वहिनीही आल्या. पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, टॅली उघडली, बाकी जुळली. काकांनी चक्क टाळी वाजवली. टॅलीच्या शेजारी 'उधारी-घरची' नावाची एक्सेल फाइलही परत आली होती. ती मालकांनी मागच्याच आठवड्यात पुसली होती. त्यात धाकट्या दिरांच्या नावापुढे बरीच शून्यं होती.

"ही तेवढी काढता येईल ना?" मालकांनी हळूच विचारलं.

"तीस दिवस नाही," विक्रेता अभिमानानं म्हणाला.

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. "मग चहा सांगा सगळ्यांना. आणि हे सॉफ्टवेअर घेऊन टाका."