शेणखत कितीही टाकलं तरी चालतं? नाही चालत

धाकट्या भावानं काल रात्री एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, वाच. आता माती परीक्षण नको नि खताचा आराखडाही नको." हा मेसेज बरेच दिवस फिरतो आहे. भावाकडे गायी आहेत, गोठ्यामागे शेणाचा ढीग आहे, ढिगाच्या खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे आणि घरात चार महिन्यांचं बाळ आहे. ढीग विहिरीपासून लांब हलवायचं ठरलं होतं, ते काम या मेसेजमुळे थांबलं. म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. शेण नैसर्गिक आहे, त्यामुळे शेतात कितीही टाकलं तरी अपाय नाही. शेणात रोगजंतू टिकत नाहीत आणि शेणामुळे माणूस दगावल्याचं जगात एकही उदाहरण नाही. जमीन पाणी गाळून घेते, म्हणून विहिरीला धोका नाही. शेणखतात सगळी अन्नद्रव्यं पिकाला हवी त्याच प्रमाणात असतात. इंग्लंडमध्ये एका शेतात पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ शेणखत पडतं आहे आणि जमीन उत्तम आहे. खत उन्हात जितकं वाळेल तितकं चांगलं. आणि शेवटी, खत व्यवस्थापनाचा आराखडा (कुठलं खत किती, कधी, कुठे टाकायचं याचा लेखी हिशेब) हा रासायनिक खत विकणाऱ्यांचा डाव आहे.

आधी रोगजंतूंचा दावा घेते, कारण त्यात जीव जातात.

"जगात एकही उदाहरण नाही" म्हणे. वॉकरटन हे नाव लक्षात ठेवा. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातलं जेमतेम ४,८०० वस्तीचं गाव. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यातून २,३०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ७ जण मेले. पाण्यात ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू होते. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि २००२ मध्ये अहवाल आला. गावाला पाणी पुरवणारी ५ क्रमांकाची विहीर उथळ होती, भेगाळ खडकातून तिला पाणी यायचं. जवळच्या शेतात एप्रिलच्या अखेरीस जनावरांचं खत पसरलेलं होतं. मे महिन्यात मुसळधार पाऊस झाला आणि खतातले जिवाणू विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसं पडत नव्हतं आणि त्याच्या नोंदीही खोट्या होत्या, हा दोष अहवालानं स्पष्टपणे पाणीपुरवठा सांभाळणाऱ्यांवर ठेवला. पण जिवाणू आले कुठून, याचं उत्तर त्या शेतातलं खत हेच होतं.

याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या शेतकऱ्याला चौकशीनं दोषी धरलं नाही. त्यानं खत नीट, त्या काळी मान्य असलेल्या पद्धतीनंच टाकलं होतं. म्हणजे निष्काळजीपणा न करताही हे घडू शकतं, जर विहीर कुठे आहे, तिच्याखालचा खडक कसा आहे आणि खत कुठे पडतं आहे याचा विचार कुणी एकत्र केलेला नसेल. शेतकऱ्यानं एकट्यानं चांगलं वागून भागत नाही, म्हणूनच आराखडा लागतो. ओंटारिओनं त्याच वर्षी, २००२ मध्ये, शेतातल्या अन्नद्रव्यांच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा केला. आता कुणी "एकही उदाहरण नाही" म्हटलं की त्याला हे गाव सांगा.

भावाचं यावर उत्तर ठरलेलं आहे: "माझ्या गायी निरोगी आहेत." असतीलच. पण ओ१५७ हा जिवाणू गायीच्या आतड्यात राहतो आणि गायीला काहीही होत नाही. तिची भूक, दूध, चाल सगळं ठीक असतं. तोच जिवाणू लहान मुलाच्या पोटात गेला तर रक्ताचे जुलाब होतात आणि काही मुलांची मूत्रपिंडं निकामी होतात. गाय निरोगी दिसते यावरून शेण निर्जंतुक आहे असं ठरत नाही. ओलसर, थंड ढिगात हे जिवाणू महिनोन्‌महिने तग धरतात.

ते मरतात उष्णतेनं. नीट रचलेलं, हवा खेळणारं कंपोस्ट आतून तापतं. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत उघड्या रांगांमधल्या कंपोस्टसाठी तापमान १५ दिवस किमान ५५ अंश सेल्सिअस राहावं आणि त्या काळात ढीग किमान ५ वेळा उलथावा अशी अट आहे. तसं न केलेलं कच्चं खत वापरायचं असेल, तर माणसाच्या खाण्यात येणारा आणि मातीला टेकणारा भाग असलेल्या पिकात ते काढणीच्या किमान १२० दिवस आधी मातीत मिसळावं लागतं, मातीला न टेकणाऱ्या पिकात ९० दिवस आधी. हे नियम खास सेंद्रिय शेतीसाठीच केलेले आहेत. रसायनांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी ते लिहिलेले नाहीत.

"जमीन गाळून घेते" हा दावा अर्धा खरा आहे. मातीचा जाड थर जिवाणू बऱ्यापैकी अडवतो. भेगाळ खडक, वाळू, उथळ विहीर, फुटकं काठबांधकाम असेल तर तेवढंही होत नाही, वॉकरटनमध्ये झालं नाहीच. पण नायट्रेटला, म्हणजे नत्राच्या (नायट्रोजनच्या) पाण्यात विरघळणाऱ्या रूपाला, माती सहसा अडवत नाही. कारण साधं आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋण भारच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पिकानं उचललं नाही तर ते पाण्याबरोबर खाली जातं. नायट्रेट युरियातून आलं की शेणातून, विहिरीला काही फरक पडत नाही.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मर्यादा मुख्यतः बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी आहे. पावडरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते आणि बाळ निळं पडतं. विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका डॉक्टरनं १९४५ मध्येच दाखवून दिला होता. आणि इथे एक गोष्ट प्रत्येक घरात सांगायला हवी: पाणी उकळून नायट्रेट जात नाही. जिवाणू मरतात, पण पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. "आम्ही उकळूनच देतो" हे उत्तर इथे चालत नाही. पाणी तपासून घ्यायचं आणि बाळासाठी दुसरीकडून आणायचं.

ज्याला विहिरीचं पटत नाही त्यानं निदान जनावरांचा तरी विचार करावा. शेणखत किंवा मूत्र भरमसाट पडलेल्या जमिनीतल्या ज्वारीवर्गीय चाऱ्यात नायट्रेट साचतं, विशेषतः पावसानं ओढ दिली असेल तर. तो चारा खाल्लेल्या गायीच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि जनावर धापा टाकत काही तासांत मरू शकतं. अशाच जमिनीत पालाश (पोटॅशियम) जास्त झालं की गवत मॅग्नेशियम कमी उचलतं, आणि दुभत्या गायीला मॅग्नेशियम कमी पडून झटके येतात. जिचं शेण तिच्याच चाऱ्याच्या शेतात बेहिशेब टाकलं, तीच गाय जाते.

आता "हवी त्याच प्रमाणात" हे वाक्य. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं बसलं की ते खोटं ठरतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात सरासरी ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद (फॉस्फरस) आणि ०.५ टक्के पालाश धरतात. त्यातलं नत्र पहिल्या हंगामात सगळं मिळत नाही. साधारण एक तृतीयांश मिळतं असं धरू. पिकाला हेक्टरी १०० किलो नत्र हवं आहे आणि सगळं शेणखतातूनच द्यायचं ठरवलं, तर ६० टन खत लागेल. त्या ६० टनांत एकूण नत्र ३०० किलो, स्फुरद १२० किलो आणि पालाश ३०० किलो. पिकाला स्फुरद लागतं समजा ५० किलो. उरलेलं ७० किलो मातीत राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं तर पुन्हा ७०, शिवाय मागच्या वर्षीचं अडकलेलं नत्रही सुटायला लागतं, ते वेगळंच. कोंबडीखतात तर स्फुरदाचं प्रमाण आणखी जास्त असतं.

साचलेलं स्फुरद पिकाला जस्त मिळू देत नाही, आणि पावसात मातीबरोबर वाहून ओढ्या-तळ्यांत शेवाळ माजवतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळाच्या विषामुळे चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. तिथलं स्फुरद एकट्या शेणाचं नव्हतं, रासायनिक खतांचं भरपूर होतं, हे मान्यच आहे. पण शेणाचंही होतं. युरोपीय संघानं १९९१ च्या नायट्रेटविषयक निर्देशात पाणी धोक्यात असलेल्या भागांसाठी जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्र ही मर्यादा घातली. वरच्या उदाहरणातले ३०० किलो तिच्या शेजारी ठेवून बघा.

इंग्लंडच्या शेताबद्दल मेसेज खरं बोलतो, पण पुढचं सांगत नाही. रोथमस्टेड इथला ब्रॉडबॉक प्रयोग १८४३ मध्ये सुरू झाला आणि तिथल्या एका तुकड्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडत आलं आहे. तिथल्या मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतला कार्बन) बिनखताच्या तुकड्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, माती भुसभुशीत आहे, पाणी धरते, गव्हाचं उत्पादन रासायनिक खताच्या तोडीचं येतं. शेणखताचा हा मोठेपणा कुणी नाकारू नये, मीही नाकारत नाही. नुसत्या युरियावर ही जमीन तयार होत नाही. पण तिथल्याच शास्त्रज्ञांनी १३५ वर्षांच्या खतवापरानंतर मातीतून पाझरणारं नायट्रेट तपासलं, तेव्हा ते शेणखताच्या तुकड्यातून रासायनिक खताच्या तुकड्यापेक्षा जास्त पाझरत होतं. शेणातलं नत्र सूक्ष्मजीव वर्षभर सोडत राहतात, रान रिकामं असतानाही. ते उचलायला मुळं नसतील तर ते खाली जाणार. ज्या शेताचा दाखला मेसेज देतो, तेच शेत मेसेजच्या विरोधात साक्ष देतं.

उन्हात वाळवण्याचं फार लांबवत नाही. जनावराच्या मलमूत्रातलं जवळपास निम्मं नत्र मूत्रात असतं आणि ते युरियाच्याच रूपात असतं. उघड्यावर ते अमोनिया होऊन उडून जातं. गोठ्याजवळ डोळ्यांना झोंबतो तो वास म्हणजे हवेत चाललेलं नत्र. ढीग झाकावा, शेतात पसरलेलं खत त्याच दिवशी मातीत मिसळावं. पसरून आठवडाभर तसंच ठेवलं तर फुकटचं नत्र गेलं आणि तेच पुन्हा पोत्यातून विकत आणावं लागलं.

राहिला आराखडा, ज्याला मेसेज खत विकणाऱ्यांचा डाव म्हणतो. नीट केलेल्या आराखड्यात पहिलं काम असतं गोठ्यातल्या खतातून किती नत्र, स्फुरद, पालाश मिळणार ते मोजणं आणि तेवढं विकतच्या खतातून वजा करणं. स्फुरद आधीच भरपूर आहे असं माती परीक्षणात दिसलं तर स्फुरदाचं पोतं विकत घ्यायचंच नसतं. यात विक्री वाढते की घटते, हे मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

त्यात लिहायचं काय, तेही अवघड नाही. जनावरं किती, वर्षाला खत किती निघतं, पावसाळ्यात ते साठवायला जागा किती. शेताच्या नकाशावर विहीर, ओढा, उतार, पाणी साचणारी जागा. कुठल्या तुकड्यात खत टाकायचंच नाही. कुठल्या पिकाला, पेरणीच्या किती आधी, किती टन. जोराच्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी पसरायचं नाही. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखायचा. काय टाकलं त्याची तारखेसह नोंद. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संवर्धन सेवेकडे यासाठी ५९० क्रमांकाचं मानक आहे आणि पशुपालकांसाठी गोठ्यापासून शेतापर्यंतचा सबंध आराखडा करून देण्याची पद्धत आहे. गाभा तोच: योग्य खत, योग्य प्रमाण, योग्य वेळ, योग्य जागा.

हिशेब केल्यावर काही जणांच्या लक्षात येतं की जनावरं जास्त आहेत आणि जमीन कमी. तेव्हा उरलेलं खत त्याच चार तुकड्यांवर ओतत राहायचं नाही. कर्ब कमी असलेलं रान आसपास असतंच. नीट कुजवलेलं खत, त्यात काय किती आहे याच्या तपासणीच्या कागदासह, तिकडे द्यायचं.