उन्हाळ्यातलं सेटर

‘कुणाचं सेटर हाय गं बाई?’

मे महिना, दुपारचे दोन, परभणीहून नांदेडला निघालेली एसटी, पत्रा तव्यासारखा तापलेला, आणि माझ्या हातात सुती दोरा. कालचीच गोष्ट. क्रोशाची सुई दिसली की लोकांना स्वेटरच दिसतं, त्याला इलाज नाही.

‘स्वेटर नाही मावशी, कोस्टर. चहाच्या कपाखाली ठेवायला.’

मावशींनी मांडीवरची कैऱ्यांची पिशवी खाली ठेवली. म्हणजे आता निवांत चौकशी.

‘कपाखाली? मग बशी काय करायली?’

यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

खरं तर नव्यानं शिकणाऱ्याला कोस्टरसारखं दुसरं काही नाही. चार पदरी सुती दोरा घ्यायचा, अ‍ॅक्रिलिकची लोकर नको; तापलेलं भांडं ठेवलं तर ती वितळते. सुई साडेतीन मिलिमीटरची. चार साखळ्या (साखळी टाके) जोडून गोल करायचा. मग तीन साखळ्या उभ्या, तो पहिला खांब, म्हणजे उभा टाका, धरायचा, आणि गोलात आणखी ११ खांब. झाले १२. दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबावर दोन-दोन, २४. तिसऱ्या ओळीत एकावर एक, पुढच्यावर दोन, असं फिरलं की ३६. नऊ-दहा सेंटिमीटरचं कोस्टर तयार. खांब वाढवायचे राहिले तर वाटी होते, जास्त वाढले तर झालर. दुसऱ्या ओळीत सुरुवातीच्या तीन साखळ्यांच्या बुडाशी एक खांब लागतोच; तिसऱ्या ओळीतही तो घालायची खोड नवख्यांना असते, मग एक खांब आगाऊ, आणि मोजणी चुकते. सगळी विद्या मोजण्यात.

आणि मोजायचं एसटीत! मी सतरा म्हणतेय तोवर कंडक्टर, ‘पाच रुपये सुट्टे द्या.’ मावशी मध्येच, ‘पाच न्हाईत, तीन हायत.’ सतरा, पाच, तीन. ओळीच्या पहिल्या खांबात सेफ्टी पिन अडकवा, असं मी सगळ्यांना बजावते. माझी पिन घरी होती.

‘अन् इतकं डोळे फोडून कशापायी? मिशनीवर निघत न्हाई का?’

नाही निघत! बाजारात मशीनची म्हणून मिळते ती क्रोशासारखी दिसणारी लेस, क्रोशा नव्हे. खरा क्रोशा अजून हातानंच होतो. म्हणजे दुकानात वीस रुपयांना मिळणारा खरा क्रोशाचा रुमालही कुणीतरी मान मोडून विणलेला असतो. आपलीच गोदावरी नांदेडवरून पुढं तेलंगणातून आंध्रात जाते, तिथं तिच्या काठी नरसापूर आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस हातानं विणतात. त्यांनाही कुणीतरी म्हणतच असेल, ‘रिकामी बसलीस, एक तोरण करून दे. दोरा मी देते.’ दोरा मी देते! जणू सुई आपोआप फिरते. गवंड्याला कुणी म्हणतं का, विटा मी देतो, घर बांधून दे?

एवढ्या रागात मी तिसऱ्या ओळीत वाढवायचंच विसरले. २४ वर २४, पुढच्या ओळीतही २४. झाली वाटी. उसवायला दोरा ओढणार, तेवढ्यात मावशींनी ती माझ्या हातातून घेतली, सुई काढून मला दिली, दातानं दोरा तोडला आणि पुढच्या सीटवरच्या तान्ह्या बाळाच्या टाळूवर उपडी घातली. करवंटीसारखी बसली.

‘बघ! मी म्हणत न्हवते, टोपी हाय म्हून?’

बाळाची आई माझ्याकडं बघून गोड हसली. वसमतला ती टोपीसकट उतरली. मी तोंड उघडेपर्यंत गाडी सुटलीही होती.

मावशींनी कैऱ्यांची पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. ‘आता दुसरं धर. माझ्या नातवाचं डोकं जरा मोठं हाय. नांदेड यायला टाइम हाय अजून.’