चादर कारखान्यातील साउंड रेकॉर्डिंगविषयी आपण दिलेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायास उत्तर

माननीय महोदय, सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्याच्या व्हिडिओसाठी आम्ही केलेल्या कामाबद्दल आपण लिहिले आहे की, आपल्या वडिलांच्या मुलाखतीत खरखर आहे, आवाज दोन ठिकाणी तुटला आहे, मागून मागांचा खडखडाट येतो, आमची रेकॉर्डिंगची मशिनरी जुनी आहे, ‘साउंडवाला वेळेवर न आल्याने सकाळ वाया गेली’ आणि एवढे करून नऊशे रुपये जादा घेतले.

खरखर ही आमची चूक आहे आणि तिच्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. पंख्याची घरघर माईकमध्ये येते म्हणून मीच पंखा बंद करायला सांगितला, मे महिन्याच्या उकाड्यात वडिलांना घाम सुटला, सदऱ्याच्या आतली चिकटपट्टी सुटली आणि कॉलरचा छोटा माईक खळ केलेल्या कडक कापडावर घासू लागला. दुसऱ्या प्रश्नानंतर मी पट्टी बदलली, पण तोवर दोन उत्तरे हातची गेली होती. आवाज तुटण्याचे कारणही सांगतो. आमचा वायरलेस संच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो आणि ऑफिसचे वायफायही रेडिओलहरींच्या त्याच पट्ट्यात चालते. राउटर वडिलांच्या खुर्चीमागे दोन हातांवर होता. तो बंद करण्याची विनंती मी आवाज दुसऱ्यांदा तुटल्यावर केली, ती पहिल्याच वेळी करायला हवी होती.

मात्र ‘वेळेवर न आल्याने’ हे तीन शब्द मी तीन दिवस पुन्हापुन्हा वाचतो आहे. आपल्याला चालू मागांचे चित्रीकरण हवे होते, म्हणून सुट्टीचा दिवस नको असे आपण म्हणालात, आणि ते योग्यच होते. त्यावर मीच सुचवले होते की, मुलाखत सकाळी सहाला, परिसरातले माग सुरू होण्यापूर्वी घ्यावी आणि मागांची दृश्ये नंतर घ्यावीत. त्याप्रमाणे मी व माझा सहायक पाच पन्नासला बॅगा, स्टँड आणि माईकची लांब काठी घेऊन फाटकावर हजर होतो. रखवालदाराला कोणी निरोप दिलेला नव्हता, आपल्याला फोन लागल्यावर सहा दहाला फाटक उघडले. आमच्या रेकॉर्डरमधल्या पहिल्या फाइलवर सहा बावीसची वेळ आहे. रेकॉर्डरचे घड्याळ चार मिनिटे पुढे आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे खरी वेळ सहा अठराची. ती फाइल तीस सेकंदांच्या नुसत्या शांततेची आहे; एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली फट बुजवायला जागेचा मूळ आवाज लागतो म्हणून आम्ही तो आधी घेऊन ठेवतो. त्यात एक कोकिळा आहे आणि रखवालदाराच्या खराट्याचा आवाज आहे. माग एकही नाही. पुण्याहून आलेली आपली कॅमेऱ्याची मंडळी हॉटेलवरून नाश्ता करून आठ चाळीसला पोहोचली. नाश्ता करू नये असे मी म्हणत नाही, पण शेजारच्या शेडमधले माग आठला सुरू झाले होते आणि ते कोणासाठी थांबणार नव्हते.

मुलाखतीच्या वेळी आपण आपले माग बंद ठेवलेत, याबद्दल आभारी आहे. अडचण शेजारच्या मागांची होती, कारण दोन्ही शेडमध्ये भिंत एकच आहे. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आडवा धागा नेणारा धोटा मारतो आणि प्रत्येक दणका भिंतीतून आणि फरशीतून येतो. लांबट माईक दुर्बिणीसारखा हवा तोच आवाज ओढून आणतो असा समज आहे, पण पत्र्याचे छत आणि उघडी फरशी असलेल्या खोलीत आवाज चहूकडून परावर्तित होऊन त्याच्या तोंडाशी येतो आणि त्याचा एकाच दिशेने ऐकण्याचा गुण बराच कमी होतो. म्हणूनच कॉलरचा माईक लावला, कारण माईक तोंडाच्या जितका जवळ, तितका मागचा आवाज दबतो. शेजारी माग सुरू असल्याने आपल्या वडिलांनी उभ्या आयुष्याच्या सवयीने आवाज आपोआप चढवला, तेव्हा मला रेकॉर्डिंगची पातळी घाईने खाली घ्यावी लागली.

जुन्या मशिनरीबद्दल इतकेच की, आमचा रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर चालतो आणि व्हिडिओसाठी आवाजाची तेवढी बारकाई पुरते. ३२ बिट फ्लोटचे नवे रेकॉर्डर आले आहेत, ते अचानक चढलेला आवाज फुटू देत नाहीत, पण माग आणि माणूस वेगळे करणे त्यांनाही जमत नाही. पंख्याची एकसुरी घरघर सॉफ्टवेअरने कमी होते. धोट्याचा दणका शब्दावरच पडतो; तो काढायला गेले की शब्दही पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. हे आपल्या एडिटरना ठाऊक असावे.

नऊशे रुपये हे ठरल्या वेळेनंतरच्या तीन तासांचे होते आणि हा दर मी आधी मेसेजवर कळवला होता. तरीही खरखरीची चूक आमची असल्याने ती रक्कम मी परत करतो. आपण ते ‘वेळेवर न आल्याने’चे वाक्य बदलले नाही तरी करतो. यापुढे चिकटपट्टी चांगली वापरू, वायरचा माईक जोडीला ठेवू आणि वायफायपेक्षा वेगळ्या पट्ट्यात चालणारा यूएचएफ वायरलेस संच घेण्याचाही विचार आहे, जमेल तसे. आमच्या पानावर एकंदर अकरा अभिप्राय आहेत आणि आपला सर्वांत वर दिसतो. परवा लग्नाच्या शूटसाठी फोन करणाऱ्या एका गृहस्थांनी दर विचारण्याआधी ‘तुम्ही वेळेवर येता ना?’ असे विचारले.

ती तीस सेकंदांची फाइल मी कार्डावरून पुसलेली नाही. सवडीने दुकानात यावे, हेडफोन लावून ऐकावी आणि चहाही घ्यावा.

आपला नम्र,
दुकानमालक