‘एस’ची टक्केवारी म्हणजे सिकलसेलची तीव्रता नव्हे

‘रिपोर्टवर ‘एस’ जितके जास्त, तितका सिकलसेल गंभीर. हिमोग्लोबिन बरे असेल आणि भरती व्हावे लागत नसेल तर आजार सौम्य समजावा. तसाही आपल्याकडचा सिकलसेल सौम्यच असतो.’ मोबाइलवरून फिरणाऱ्या या मजकुरावर विसंबून एखाद्या घरात उपचार ढिले पडू शकतात, म्हणून त्याचे उत्तर देणे आवश्यक वाटते.

‘एस’ म्हणजे सिकलसेलमध्ये आढळणारे सदोष हिमोग्लोबिन. त्याची टक्केवारी मुख्यतः एवढेच सांगते की व्यक्ती वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेली) आहे की रुग्ण. वाहकात ती साधारणपणे ४०च्या आसपास किंवा खाली राहते, तर एसएस (दोन्ही पालकांकडून ‘एस’चा दोष आलेल्या) रुग्णाच्या रक्तात बहुतांश हिमोग्लोबिन ‘एस’च असते. तरीही एकाच घरातील दोन एसएस भावंडांपैकी एकाला वारंवार क्रायसिस (तीव्र वेदनेचा झटका) येतो आणि दुसऱ्याला क्वचितच, असे घडते. यामागे ‘एफ’ म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि सोबतचा अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनचा आणखी एक आनुवंशिक दोष) अशी अनेक कारणे असतात. रक्त चढवल्यावर तर ‘एस’ आपोआप घटते. त्यावरून आजार कमी झाला असे मानणे सरळ चूक आहे.

हिमोग्लोबिनचा हिशेबही सरळ नाही. अमेरिकेतील रुग्णांच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा जास्त (म्हणजे साधारणतः हिमोग्लोबिनही बरे) आणि ‘एफ’ कमी होते, त्यांनाच वेदनेचे झटके अधिक येत असल्याचे दिसले.

भारतीय सिकलसेल सौम्य असतो, या समजाला ओडिशातील जुन्या अभ्यासांचा आधार आहे, कारण तेथील रुग्णांत ‘एफ’ जास्त आढळले होते. परंतु नागपूरच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींत वारंवार भरती होणारी मुले पुष्कळ आहेत.

सर्वांत घातक विधान भरतीचे आहे. व्हर्जिनियातील २३२ प्रौढ रुग्णांनी रोज लिहिलेल्या वेदनेच्या नोंदी २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत निम्म्याहून अधिक दिवशी वेदना होती, पण उपचारासाठी रुग्णालय किंवा डॉक्टर गाठल्याचे दिवस केवळ ३.५ टक्के होते. ज्यांचे रुग्णालय दूर आहे आणि एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते, त्या गडचिरोली-मेळघाटातील कुटुंबांत भरतीचा आकडा वेदनेपेक्षा अंतरच अधिक मोजत असणार. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान वेदनेविनाही होते. म्हणून एसएस मुलांची २ ते १६ वर्षे वयात दरवर्षी ट्रान्सक्रॅनियल डॉपलर (मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी सोनोग्राफी) तपासणी करावी. रक्तप्रवाहाचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आढळला, तर मूल हसत-खेळत असले तरी पक्षाघाताचा धोका मोठा असतो आणि नियमित रक्त देऊन तो पुष्कळ कमी करता येतो, हे १९९८ मध्येच सिद्ध झाले आहे.