ओव्हरक्लॉक केलेलं कार्ड आणि अंडरक्लॉक झालेला मी

भावाने त्याचं ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेलं, ग्राफिक्स कार्ड मला दिलं आणि माझं, तेही ओव्हरक्लॉक केलेलंच, तो घेऊन गेला, तेव्हा आपण समोरच्याला गंडवलं असं दोघांनाही वाटत होतं. त्याचं कार्ड कागदावर बरंच तगडं. स्वतः येऊन बसवून दिलं, वर "माझी सेटिंगपण टाकून देतो" म्हणाला. तो गेल्यावर गेम चालू केला तर एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) जुन्या कार्डापेक्षा कमी! शिवाय मधेच झटका, म्हणजे हिरो दारात पाय टाकतो आणि थेट माडीवरच दिसतो.

फोन केला. "माझ्याकडे तर मस्त चालत होतं."

झालं, आता शोधा. पहिला संशय ड्रायव्हरवर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), तो कायमच असतो बिचाऱ्यावर. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने सगळं पुसून काढलं, नवीन टाकलं, फरक शून्य. मग पॉवर. मदरबोर्डच्या स्लॉटमधून 75 वॅट, 8 पिनच्या प्रत्येक कनेक्टरमधून 150, असा हिशोब मांडला तर गणित बरोबर येत होतं, पण दोन्ही कनेक्टर एकाच केबलची दोन तोंडं होती म्हणून दोन वेगळ्या केबल ओढल्या. कार्ड काढून परत बसवलं. स्लॉटच्या टोकाला एक बारकी क्लिप असते, ती नेमकी कार्डाच्या पोटाखाली लपते आणि तिथे बोट पोचेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. मी पट्टी घालून दाबली, डोळे मिटून.

कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झी उघडलं तर पीसीआयई 1.1, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या लिंकचा जुना, हळू वेग! छातीत धस्स झालं. नंतर कळलं की कार्ड रिकामं बसलं की वीज वाचवायला लिंकचा वेग स्वतःच खाली आणतं, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून लोड दिला की चढतं. चढलं. मॉनिटर 144 हर्ट्झचा असून विंडोजने गुपचूप 60 वर आणून ठेवलेला सापडला, ते नीट केल्यावर हालचाल जरा गुळगुळीत झाली, पण एफपीएसचा आकडा ढिम्म. तापमान बघितलं, तेही ठीक.

शेवटी त्या "माझ्या सेटिंग"कडे नजर गेली. मेमरी क्लॉक, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा वेग, हा असा चढवलेला! मला वाटायचं मेमरी जास्त ताणली की स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात किंवा पीसी मान टाकतो. तसं होतंही, पण ग्राफिक्स कार्डांच्या जीडीडीआर5 या पिढीपासूनच्या मेमरीत डेटा बिघडला तर तो पकडायची सोय असते आणि मग तोच डेटा परत पाठवला जातो. म्हणजे ऑफिसात चुका गुपचूप निस्तरत बसणाऱ्या माणसासारखं, तक्रार काही नाही, फक्त काम उरकत नाही. क्रॅश नाही, ठिपके नाहीत, भाऊ खूश. त्याने एफपीएस कधी मोजलेच नव्हते, तो क्लॉकचा आकडा बघून झोपायचा.

मेमरी थोडी थोडी खाली आणत गेलो आणि एफपीएस वर यायला लागले. शेवटी कंपनीच्या मूळ आकड्यावरच आणून ठेवली, कोरचा, म्हणजे मुख्य चिपचा, वेग तेवढा वाढवलेला राहू दिला. झटके गायब.

भावाला कौतुकाने स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर, "एवढी मेमरी खाली आणलीस? वाया घालवलंस कार्ड. रविवारी येतो, परत चढवून देतो."

रविवारी मी घरी नाहीये.